मागची सीट उचलून बघ

नेकनूर,
दि. १७ मार्च २०१३

ती. शहादेवदादास,
भारतचा सप्रेम जयभीम.

इकडे सगळे ठीक. आईची तब्येत तिच्या मते उत्तम आहे आणि डॉक्टरांच्या मते वयाप्रमाणे. जाई बरी आहे. मनकर्णावहिनींना आम्हा दोघांचा जयभीम सांग.

फोन सोडून पत्र का लिहितोय, असं वाटेल तुला. फोनवर आपलं बोलणं दहा वर्षांपासून ठरलेलं आहे. "जेवलास का?" "हो." "पाऊस?" "न्हाई." पुढे आई फोन ओढून घेते. यंदा पावसाचं विचारायचंही कारण उरलेलं नाही. टँकर आठव्या दिवशी येतो, आणि तो आला की आपल्या वस्तीत जी शर्यत लागते ती बघून मला शाळेच्या क्रीडास्पर्धा बंद कराव्याशा वाटतात. जनावरं छावणीत आहेत, माणसं घरात आहेत, एवढाच काय तो फरक.

तर कारण असं. मी गाडी घ्यायची ठरवली आहे. चारचाकी. हसून झालं असेल तर पुढे वाच.

जुनीच घेणार. हातात सत्तर हजार आहेत. त्यातले दहा दुरुस्तीला बाजूला ठेवायचे असं जाईचं म्हणणं आहे, आणि जाईचं गणित माझ्या संस्कृतपेक्षा पक्कं असल्यामुळे मी साठच धरून चाललोय. गाडी कशाला म्हणशील तर रोजची नेकनूर-बीड एसटी आणि गुडघे. बावन्नाव्या वर्षी माणसाला दांडीला लोंबकळत शाळेत जाणं शोभत नाही. वर्गातली पोरंच आधी उतरून मला हात देतात.

पहिली गाडी बीडच्या गाडीबाजारात पाहिली. आमच्या संस्कृतात ज्ञान मिळवायचे चार मार्ग सांगितलेत, त्यातला पहिला डोळ्यांनी बघणं. मी बघितली. पांढरी होती आणि झळझळत होती. दुसरा मार्ग तर्क. डोंगरावर धूर दिसला की तिथं आग असणार, हे उदाहरण मी अठ्ठावीस वर्षं फळ्यावर लिहीत आलोय. ह्या गाडीच्या मागून निळा धूर येत होता, पण कशाची आग लागलीय ते मला सांगता येईना. विकणाऱ्यानं विचारलं, "सर, काय शिकवता?" म्हटलं, संस्कृत. त्यानं किंमत पाच हजारांनी वाढवली.

आपल्या आबांनी देव सोडले आणि ह्यानं देवांची भाषा धरली, असं वस्तीतले लोक माझ्याबद्दल म्हणायचे ते आठवतं? त्या दिवशी गाडीबाजारात मला पहिल्यांदा वाटलं, भाषेऐवजी पाना धरला असता तर बरं झालं असतं.

आता मुद्द्याचं. तू दूध संघाच्या गाड्या एकोणीस वर्षं चालवल्यास. जुन्या गाडीत काय बघायचं हे तुझ्याइतकं कळणारा माणूस मला माहीत नाही. चार ओळी लिहून पाठव. आपल्या दोघांमध्ये जे आहे ते आहेच, त्याला मी इथं हात लावत नाही. दहा वर्षांत तू ह्या घराचा उंबरा ओलांडला नाहीस, त्याचं कारण मला ठाऊक आहे आणि तुलाही. गाडीपुरतं लिही.

तुझा धाकटा,
भारत

नेकनूर,
दि. २ एप्रिल २०१३

ती. दादास,
सप्रेम जयभीम.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पोस्टमननं ते आधी स्वतः वाचलं, मग म्हाताऱ्या केसरबाईला वाचून दाखवलं आणि मग मला दिलं. त्यामुळे गाडी कशी घ्यावी हे आता अर्ध्या नेकनूरला कळलंय.

मी ते पाठ केलंय. खरं वाटणार नाही म्हणून इथं उतरवतो.

"भारत, धुतलेली गाडी घिऊ नको. सकाळी इंजन थंड आसताना जा. बोनेटला हात लाव, गरम लागलं तर माघारी ये. मीटरवर इस्वास ठिवू नको, पायाखालचं रबर बघ. मागची सीट उचलून बघ. दुष्काळात गाडीनं पानी वाह्यलं आसल तर खाली गंज दिसंल. म्हाळूला संगं ने. एकटा जाऊ नको, तू बोलन्यात गुततो. शहादेव."

शेवटचं वाक्य आईला दोनदा वाचून दाखवायला लागलं. पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, "त्यानं वळखलंय तुला." मग कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि उशाखाली ठेवलं. वाचता येत नाही तिला, तरी ते तिच्याकडेच आहे.

म्हाळूला मांजरसुंब्याला जाऊन भेटलो. ढाब्यामागं त्याचं गॅरेज अजून तसंच आहे, फक्त म्हाळू दुप्पट झालाय. तुझं नाव काढल्यावर गाडीखालून नुसतं डोकं बाहेर आलं. "शहादेवभाऊनं धाडलं म्हनता? मंग पैसं न्हाई घ्यायचा. पर च्या लई लागंल मला, मास्तर." आतापर्यंत सतरा कप झालेत. पैसे घेतले असते तर स्वस्तात पडलं असतं.

त्याला घेऊन पुन्हा त्या पांढऱ्या गाडीकडे गेलो. सकाळी सातला, न सांगता. बोनेट गरम. दुकानदार म्हणाला, आत्ताच पूजेसाठी चालू केली होती. मग सांगायला लागला की गाडी एका डॉक्टरांची, घर ते दवाखाना एवढीच चालली, मीटर बघा, बेचाळीस हजार. म्हाळूनं वाकून ब्रेकच्या पेडलवर बोट फिरवलं. रबर झिजून लोखंड लागत होतं. तो म्हणाला, "मंग हे कुनी झिजिवलं, पेशंटनं?"

धुतलेली गाडी का घेऊ नये, तेही त्यानं समजावलं. तेल गळत असेल तिथं धूळ चिकटून थर बसतो, म्हणून धुळीची गाडी खोटं बोलू शकत नाही. ह्या दुष्काळाचा कोणाला काही उपयोग होत असेल तर तो एवढाच.

दुसरी गाडी जीप होती, एका ऊसतोडीच्या मुकादमाची. हंगाम संपला म्हणून विकायला काढलेली. मागची सीट उचलली तर खाली पत्र्याची जाळी झालेली, आणि त्यावर गोल गोल ठसे. "ही जीप न्हाई," म्हाळू म्हणाला, "टँकर हाय." मुकादम चिडला नाही. म्हणाला, "मास्तर, आपल्या भागात पानी वाह्यलं न्हाई आशी एक गाडी दाखवा, मी तिला हार घालतो."

घरी येईपर्यंत मला दहा वर्षांपूर्वीचा दुष्काळ आठवत होता.

तिसऱ्या गाडीच्या आरसी बुकावर एका पतसंस्थेच्या कर्जाचा बोजा निघाला. बोजा आहे, पण तो उतरवून देणारी पतसंस्थाच आता उरलेली नाही. असा बोजा कोणी उतरवायचा हे कुठल्याही शास्त्रात दिलेलं नाही.

दादा, मागच्या पत्रात मी गुडघ्यांचं लिहिलं होतं. ते गुडघे माझे नाहीत. आई दिवाळीत घसरून पडली. तुला कळवायचं नाही अशी तिची सक्त ताकीद होती. खुबा वाचला, पण गुडघे धरले, एसटीची पायरी आता तिला चढवत नाही. आणि ती हट्टाला पेटलीय. "त्यो येत न्हाई तर मी जाते. मी काय कुनाची गुन्हेगार हाय का, घरात बसून ऱ्हायाला?"

म्हटलं, भाड्याची जीप करतो.

"भाड्याचा डायवर घाई करतो. मला त्याच्या घरी टेकून बसायचंय. आन् एकदाच थोडं जायाचंय मला? दर म्हैन्याला जायाचंय."

म्हणून गाडी. मला ती चालवता येत नाही, हे तिच्या हिशेबात धरलेलं नाही.

आता हे लिहू का नको, चार दिवस विचार करतोय. आपला दूध संघ गेल्या महिन्यात प्रशासकाच्या ताब्यात गेला. दूधच नाही तर संघ कशाचा. त्याच्या गाड्यांची टेंडरं निघालीत. त्यात एक अँबॅसडर आहे, नव्व्याण्णव सालची. नंबर लिहीत नाही, तुला पाठ आहे. तू ती चार वर्षं चालवलीस. म्हाळू म्हणतो, पंचक्रोशीत साठ हजारांत ह्यापेक्षा भरवशाची गाडी मिळणार नाही.

बंद पाकिटातली टेंडरं वीस तारखेपर्यंत द्यायची आहेत. तू नको म्हणालास तर नको. एका शब्दाचं कार्ड टाक.

तुझा,
भारत

नेकनूर,
दि. ८ मे २०१३

दादा,
जयभीम.

कार्ड आलं नाही. जयंतीच्या दिवशी आई दारात खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसली होती. मिरवणूक बघतेय असं म्हणत होती. मिरवणूक मागच्या गल्लीतून गेली.

तू "नको" असं लिहिलं नाहीस, तेवढ्यावर मी टेंडरच्या आधी गाडी बघायला गेलो. पळवाट आहे, मान्य.

सोमलिंगअप्पा आठवत असतील. संघाचे जुने कारकून, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, हातात किल्ल्यांचा जुडगा. शेडचं कुलूप त्यांनीच काढलं. मला बघून म्हणाले, "या मास्तर. दहा वर्षांनी आलात." मी मोजली नव्हती, त्यांनी मोजली होती.

गाडीवर बोटभर धूळ होती. म्हाळूनं बोनेट उघडलं आणि आत वाकून जोडांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "बघा. धूळ हाय, पर कुटं चिकट न्हाई." इंजिन थंड होतं. तिसऱ्या सेल्फला सुरू झालं, मागं थोडा काळा धूर आला आणि निवला. तेलाचं झाकण काढून, हात धरून, वास घेऊन, खाली झोपून, जे जे करायचं ते त्यानं सगळं केलं. आणि शेवटी, तू सांगितलं होतंस म्हणून, मागची सीट उचलली.

गोल ठसे होते, दादा. कॅनच्या बुडाएवढे. ओळीनं.

म्हाळूनं माझ्याकडे बघितलं. तुझ्यावर पाण्याचा काय आळ आला होता ते गावाला ठाऊक आहे, त्यालाही. मग तो ठशांवरून अंगठा फिरवत म्हणाला, "पत्रा शाबूत हाय. गंज वरचाच. खाली गोनपाट अंथरलं व्हतं आन् वेळच्या वेळी तेलाचा हात मारलेला. ज्यानं पानी वाह्यलं त्याला गाडीची माया व्हती." सीट खाली ठेवली आणि चहा प्यायला निघून गेला. त्याला तेव्हा चहा नको होता.

अप्पा म्हणाले, "लॉगबुकं बघायची का? चौदा हायत, गाडी आल्यापासूनची. गाडी घेनाऱ्यानं पयली लॉगबुकं मागावीत. पर कुनी मागत न्हाई."

मी दोन हजार तीनचं मागितलं.

कपाट उघडायला त्यांना किल्ली शोधावी लागली नाही. लाल फडक्यात बांधलेलं, तुझ्या अक्षरातलं. मी तिथंच शेडमधल्या स्टुलावर बसून वाचलं. मार्च. एप्रिल. मे. तुझं अक्षर मोठं आणि उभं, प्रत्येक ओळीत तारीख, कुठून कुठं, किती किलोमीटर, कशासाठी, आणि शेवटी साहेबाची सही.

"संघ विहीर ते चेअरमनसाहेब बंगला. पाण्याचे कॅन १२. फेऱ्या ५. आदेशावरून." खाली मॅनेजरची सही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बंगल्याऐवजी साहेबांच्या मेव्हण्याचं हॉटेल, फेऱ्या सात, आदेशावरून, सही. अडीच महिने, दादा. अकरा पानं. पाणी विकलं कोणी, पैसे कोणाकडे गेले, शेंबड्या पोरालाही कळेल. आणि विकल्याचा आळ तुझ्यावर.

त्या अकरा पानांत एकच ओळ निराळी आहे. "१९ मे. संघ ते नेकनूर वस्ती. कॅन २. स्वतःच्या घरी, आईसाठी. डिझेल दोन लिटर स्वतः भरले, पावती जोडली." पावती अजून टाचणीला आहे. टाचणी गंजलीय.

ते दोन कॅन मी पाहिले होते. संध्याकाळी तू ते दारात उतरवलेस आणि चहासुद्धा न घेता गेलास. आईनं त्यातलं पहिलं भांडं मला दिलं, कारण मी शाळेतून उन्हातून आलो होतो. मी ते प्यायलो. महिन्याभरानं संघात तुझं नाव निघालं तेव्हा मला तेच दोन कॅन आठवले. मी मनात म्हटलं, दोन तर आपण डोळ्यांनी बघितले, मग बाकीचेही असणार. धूर दिसला, आग धरली. पोरांना शिकवतो की धूर आणि धुकं ह्यातला फरक आधी तपासा. मी स्वतः तपासलं नाही.

म्हणून मी तुला विचारलं होतं, "घेतलंस का?" तू म्हणालास, "लॉगबुक बघा म्हनाव त्यांना." ते वाक्य मला आज जसंच्या तसं ऐकू येतं. मी म्हटलं, दादा, आता वाद नको, माफीचं पत्र देऊन राजीनामा दिलास तर पोलीस केस होणार नाही आणि तुझी ग्रॅच्युइटी वाचेल. चेअरमननंच मला तसं सांगितलं होतं, खुर्ची दिली होती, सर म्हणाला होता. आणि ते पत्र मी लिहिलं. रात्र घालवली त्यावर. काय ती भाषा! "अनवधानाने मजकडून प्रमाद घडला" वगैरे. एका ओळीत दुसरी ओळ अशी गुंफलेली की वाचणाऱ्यानं कौतुक करावं. त्यात कुठंही "चोरी" हा शब्द नाही, ह्याचा मला अभिमान वाटला होता.

तू ते वाचलं नाहीस. माझं अक्षर बघून सही केलीस.

सहा महिन्यांनी तू बँकेत डायव्हरच्या जागेसाठी गेलास, तिथल्या साहेबानं संघाकडून मागवलेलं तेच पत्र काढून तुला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि अर्थही सांगितला. घरी येऊन तू त्याची प्रत माझ्यासमोर ठेवलीस. "हे तू लिवलं?" मी म्हणालो, "त्यात चोरी हा शब्द नाहीये, दादा."

त्यानंतर आठवड्यानं तू भोसरीला गेलास. मला वाटत होतं, तू नोकरी गेली म्हणून गेलास. त्या दिवशी शेडमधल्या स्टुलावर कळलं, तू त्या उत्तरामुळे गेलास.

मी अप्पांना विचारलं, हे तेव्हा का नाही दाखवलंत? ते किल्ल्या मोजायला लागले. म्हणाले, "मास्तर, तुमी चेअरमनच्या खोलीत बसलावतात. मी भाईर व्हतो. तुमी नुसतं 'लॉगबुक आना' म्हनला आसता तर मला आनावं लागलं आसतं. माझ्यावर बोल आला नसता. आपनहून आनलं आसतं तर माझी बी नोकरी गेली आसती." मग म्हणाले, "म्या फाडू दिलं न्हाई, एवडंच. दोनदा मागितलं व्हतं त्यांनी. म्हनलो, सापडत न्हाई." मी त्यांना काय बोल लावणार? त्यांनी निदान किल्ली सांभाळली.

घरी आलो आणि आईला एकोणीस मेची ओळ वाचून दाखवली. मला वाटलं, रडेल. ती शेंगा निवडत होती, थांबलीसुद्धा नाही.

"मला ठाव व्हतं."

"मग तवा कावून बोलली न्हाईस?" तिच्याशी बोलताना मीही तिच्यासारखाच बोलतो, तुला माहीतच आहे.

"तू इचारलं कुटं? तू लिवीत व्हतास."

जाई चुलीपाशी होती. माझ्या ताटात त्या दिवशी भाकरी वाढायला तिला नेहमीपेक्षा वेळ लागला.

टेंडर भरलं. एकसष्ट हजार. दुसरं टेंडर एका भंगारवाल्याचं होतं, अठ्ठेचाळीसचं. गाडी आपल्याला मिळाली. पुढच्या वर्षी पंधरा वर्षं पुरी होतील, पासिंग पुन्हा करून घ्यावं लागेल, ते म्हाळू बघणार आहे. बॅटरी नवी टाकली. मागच्या सीटखालचे ठसे घासून रंगवू का असं त्यानं विचारलं. नको म्हटलं.

ह्या पाकिटात तुला तीन गोष्टी मिळतील. लॉगबुकाच्या अकरा पानांच्या झेरॉक्स, अप्पांचा शिक्का मारलेल्या. मॅनेजरच्या सह्या स्पष्ट दिसतात. दुसरी, प्रशासकाला लिहिलेल्या माझ्या अर्जाची प्रत, की ते माफीपत्र मी लिहिलं, वस्तुस्थिती न तपासता लिहिलं आणि माझ्या भावाला ते न समजावता त्याची सही घेतली. मूळ अर्जावर माझी सही झालीय, तो मी उद्या तुझ्या उत्तराची वाट न बघता बीडला जाऊन देणार आहे. हे माझं काम आहे, त्याला तुझी परवानगी नको.

तिसरा कागद तुझा आहे. तुझ्या नावानं अर्ज, की माफीपत्र रद्द समजावं आणि नोंदीत दुरुस्ती करावी. एक पान आहे. ह्या वेळी मी तो बोलतो तसा लिहिलाय, जाईनं दोन शब्द खोडले, म्हणाली अजून मास्तर डोकावतोय. तू तो वाच. मनकर्णावहिनींना मोठ्यानं वाचायला सांग. एखादा शब्द आवडला नाही तर खोड, सगळा नको असला तर फाड. सही करायची सक्ती नाही. चेअरमन आता अंथरुणावर आहेत, प्रशासक सहा महिन्यांत बदलतो, ह्यातून काही निघेल असं मी तुला सांगणार नाही. पण संघाच्या कपाटात तुझ्याबद्दलचा शेवटचा कागद माझ्या त्या सुंदर भाषेतला राहू नये.

माफी मागायला मला भाषा फार चांगली येते. म्हणून मागत नाही.

पंचवीस तारखेला पौर्णिमा आहे. त्याआधी, रविवारी एकोणीसला, आम्ही भोसरीला येतोय. पहाटे निघू. आई मागच्या सीटवर, पाय लांब करून. तिनं आत्ताच गाडीत बसून बघितलंय, तासभर उतरेना. शेजारची कडूबाई बघायला आली तर तिला म्हणाली, "माज्या शहादेवची गाडी हाय." मी दुरुस्त केलं नाही.

मी पुढं बसेन. चालवायला म्हाळू आहे. तू दार उघडलंस तर आई आत येईल, मी गाडीत थांबलो तरी चालेल, बाहेर थांबायची मला सवय करून घ्यायची आहे. आई दोन दिवस राहणार म्हणते, म्हणजे चार.

आणि एक. म्हाळूला मी सांगितलंय की भोसरीहून येताना त्यानं एसटीनं परत जायचं. तो म्हणाला, "मंग गाडी माघारी कोन आननार, मास्तर? तुमी?" मी म्हटलं, ज्याची गाडी त्यानं. तो हसला आणि स्वारगेटच्या गाड्यांचं वेळापत्रक विचारायला लागला.

तू तिकडे चालवतोस ती शाळेची बस सोडून तुला येता येणार नसेल, किंवा यायचंच नसेल, तर दारातच म्हाळूला सांग, माझ्याशी बोलायची गरज नाही. तो गाडी फिरवेल आणि आम्ही परत येऊ. पुढच्या महिन्यात आई पुन्हा म्हणेल, आम्ही पुन्हा येऊ.

हे पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनदा वाचलं, आणि मगच खाली सही करतोय.

तुझा,
भारत